लॅपटॉप आठवड्यातून दोनदा गोठतो, कॅप्स लॉक लुकलुकतो, लॉगमध्ये काहीच नाही. रॅम बदलू का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. लॅपटॉपवर उबंटू २४.०४ (लिनक्स) आहे, कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, ६.८. दोन महिन्यांपूर्वी १६ जीबीची नवीन रॅम टाकली, त्याच सुमारास अपडेटमध्ये कर्नलही पुढे गेला, आणि आतलं वायफाय कार्ड गेल्यामुळे यूएसबी डोंगल लावलाय ज्याचा ड्रायव्हर नेटवरून सोर्स उतरवून डीकेएमएसने (कर्नल बदलला की ड्रायव्हर परत बांधून देणाऱ्या टूलने) बसवलाय. तेव्हापासून आठवड्यातून एकदा-दोनदा सगळं गोठतं, कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकत राहतो, पॉवर बटण दाबून धरण्याशिवाय इलाज नाही. परत चालू केल्यावर सिसलॉगमध्ये, म्हणजे सिस्टमच्या नोंदवहीत, त्या वेळेचं काही सापडत नाही. कोणीतरी सुचवलं म्हणून एका रात्री टेक्स्ट कन्सोलवर ठेवून स्क्रीनचा फोटो काढलात, त्यात 'स्वॅपर' असं दिसलं म्हणून स्वॅप फाईलच (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) उडवून पाहिलीत, फरक पडला नाही. आता विचारताय की रॅम बदलू का आणि हे कळवायचं कुठे.

मी पुण्यात बसून गेली सोळा-सतरा वर्षं हेच काम करतोय, लोकांची लिनक्स मशीन्स पडली की रात्री जो फोन येतो तो मला. मराठी कीबोर्ड चालू आहे त्यामुळे कमांडसुद्धा देवनागरीतच लिहितोय, स्पेलिंग तुम्हाला माहीत आहेत, सांभाळून घ्या.

रॅम बदलायची का, याचं उत्तर आज मी देऊ शकत नाही, आणि जो कोणी तुमचा एवढा मजकूर वाचून छातीठोकपणे "रॅमच आहे" म्हणेल तो अंदाज मारतोय. रॅम, कर्नल आणि ड्रायव्हर, तिघे संशयित एकाच महिन्यात घरात आले, त्यामुळे "हे टाकल्यापासून सुरू झालं" हा युक्तिवाद तिघांनाही सारखाच लागू पडतो. तुमची खरी अडचण अशी आहे की दोन महिन्यांत दहा-बारा वेळा मशीन पडलं आणि तुमच्या हातात एकाही वेळचा धड पुरावा नाही. आधी पुरावा कसा पकडायचा ते बघू, रॅमवाल्याकडे नंतर जा.

लॉग रिकामा का असतो हे एकदा नीट समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. सिसलॉग काय किंवा जर्नल काय, हे साधे प्रोग्राम आहेत, कर्नलच्या जिवावर चालणारे. कर्नल पॅनिकमध्ये गेला, म्हणजे सावरता न येणारी चूक होऊन थांबला, की त्या क्षणी कुठलाच प्रोग्राम चालत नाही, मग डिस्कवर लिहिणार कोण? बरं, कर्नल स्वतः का लिहीत नाही, तर त्याला स्वतःवरच भरवसा राहिलेला नसतो, मेमरीत काय बिघडलंय माहीत नाही आणि अशा अवस्थेत डिस्कवर लिहायला गेला तर तुमच्या फायली खराब व्हायच्या. पॅनिकच्या ओळीत 'नॉट सिंकिंग' असे दोन शब्द असतात ते बहुतेक लोक वाचून सोडून देतात, त्यांचा अर्थ अगदी सरळ आहे: मेमरीत जे डिस्कवर जायचं बाकी होतं ते मी आता लिहीत नाहीये. म्हणजे ज्याचा खून झाला त्यालाच पंचनामा लिहायला बसवल्यासारखं आहे ते, होणार नाही. पंचनाम्याला बाहेरचा माणूस लागतो.

आता तुमच्या फोटोकडे येऊ. फोटो तुम्हाला वाटतो तेवढा निरुपयोगी नाहीये.

एक, कॅप्स लॉक लुकलुकतोय. लॅपटॉपचा आतला कीबोर्ड बहुतेक वेळा जुन्या पीएस/२ पद्धतीच्या कंट्रोलरवरच असतो आणि पॅनिक झाला की त्याचा ड्रायव्हर दिवा लुकलुकवतो. म्हणजे हा खराखुरा कर्नल पॅनिक आहे, नुसता ग्राफिक्स अडकलेला नाही. हा फरक मोठा आहे, कारण नुसती स्क्रीन गोठते तेव्हा कर्नल आत जिवंत असू शकतो, दुसऱ्या मशीनवरून एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) केलं तर आत जाता येतं आणि तिथला तपास पूर्ण वेगळा. (बाहेरचा यूएसबी कीबोर्ड असेल तर दिवा लुकलुकत नाही, त्यामुळे दिवा नाही म्हणजे पॅनिक नाही असं उलटं समजू नका.)

दोन, 'कॉम: स्वॅपर/३' आणि 'पीआयडी: ०', म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या टास्कचं नाव आणि नंबर. याचा स्वॅपशी काडीचाही संबंध नाही, नाव जुन्या काळापासून चिकटलंय एवढंच. सीपीयूला काही काम नसतं तेव्हा जे रिकामटेकडं टास्क चालतं त्याचं नाव स्वॅपर, आणि पुढचा ३ म्हणजे ३ नंबरचा सीपीयू (मोजणी शून्यापासून). अर्थ एवढाच की क्रॅश झाला तेव्हा तो सीपीयू निवांत बसला होता आणि बाहेरून इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरची "इकडे लक्ष दे" अशी हाक, आला.

तीन, शेवटची ओळ, 'फेटल एक्सेप्शन इन इंटरप्ट'. लोक हीच ओळ सर्चमध्ये टाकतात आणि हजार उत्तरं मिळतात, एकही कामाचं नाही. कारण ही ओळ आजाराचं नाव सांगत नाही. कर्नलमध्ये चूक झाली की आधी 'उप्स' होतो. तो एखाद्या प्रोसेसच्या कामात झाला तर कर्नल त्या प्रोसेसला मारून पुढे जायचा प्रयत्न करतो, पण इंटरप्ट हाताळताना झाला तर मारायला प्रोसेसच नसते, मग सरळ पॅनिक. तर ही ओळ फक्त सांगते की उप्स इंटरप्टमध्ये झाला. उप्स कशामुळे झाला ते वरच्या ओळींत आहे आणि तिथे नेमका तुमच्या फ्लॅशचा पांढरा गोळा आलाय!

चार, ज्या ओळीची मला गरज आहे ती म्हणजे 'आरआयपी', क्रॅशच्या क्षणी सीपीयू कुठल्या फंक्शनमध्ये होता ते सांगणारी. ती एकदा वर छापली जाते आणि वरचा भाग स्क्रीनबाहेर सरकला तर पंचाईत होऊ नये म्हणून एक्स८६ वर (इंटेल-एएमडीचे नेहमीचे सीपीयू) कर्नल शेवटाकडे पुन्हा छापतो. तुमच्या फोटोत खालच्या बाजूला ती आहे, पण हात हललाय. पुढच्या वेळी फ्लॅश बंद, कोपर टेबलावर, आणि एक फोटो पूर्ण स्क्रीनचा, दोन जवळून. उजवी कड कापू नका, 'टेंटेड' (कर्नल कशाने 'डागाळलाय') शब्दाच्या पुढची अक्षरं तिथेच असतात.

पण फोटोवर अवलंबून राहायचंच कशाला. आधी एक गोष्ट बघा, फुकटची आहे. बऱ्याच यूईएफआय (बायॉसची नवी पद्धत) मशीनवर कर्नल मरता मरता शेवटच्या काही ओळी मदरबोर्डच्या फर्मवेअरच्या जागेत लिहून ठेवतो, त्याला पीस्टोअर म्हणतात, आणि पुढच्या बूटला सिस्टमडी (बूटपासून सगळ्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) त्या उचलून व्हार-लिब-सिस्टमडी-पीस्टोअर या फोल्डरमध्ये आणून टाकतं. रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होऊन ते फोल्डर उघडा. असलं तर दिवाळी. नसलं तर नवल नाही, काही मशीनवर, काही डिस्ट्रोंमध्ये ते मुळात बंदच असतं. त्याच बैठकीत जर्नलसीटीएलला के आणि बी उणे एक असे पर्याय देऊन आधीच्या बूटचा कर्नल लॉग बघून घ्या. पॅनिक त्यात नसेल, पण त्याच्या आधीच्या तास-दोन तासांत काही 'वॉर्निंग', 'हार्डवेअर एरर' किंवा 'मशीन चेक' अशा ओळी असतील तर त्या सोन्याच्या. मशीन चेक दिसलं तर मला वेगळं सांगा, ते सीपीयू स्वतः ओरडून सांगत असतो की हार्डवेअरमध्ये गडबड आहे, मग ड्रायव्हर-कर्नलवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

मग खरा बंदोबस्त, केडंप. कल्पना अशी की बूट होतानाच काहीशे एमबी मेमरी बाजूला राखून ठेवायची आणि तिथे एक दुसरा, छोटा कर्नल तयार बसवून ठेवायचा. पहिला पडला की केएक्झेक नावाच्या यंत्रणेने थेट तो दुसरा सुरू होतो, बायॉसपर्यंत जायची गरज नाही, त्यामुळे पहिल्याची मेमरी पडली त्याच अवस्थेत शाबूत असते. हा नवीन कर्नल म्हणजे आपला बाहेरचा पंच. तो मेलेल्याची मेमरी वाचतो, नको ती पानं गाळतो, फाईल करून व्हारमधल्या क्रॅश फोल्डरमध्ये ठेवतो आणि मशीन रिबूट करतो. उबंटूवर लिनक्स-क्रॅशडंप नावाचं पॅकेज टाका, विचारेल त्याला हो म्हणा, रिबूट करा, आणि केडंप-कॉन्फिग शो ही कमांड दिल्यावर 'रेडी टू केडंप' येतंय का बघा. फेडोरा किंवा रेडहॅटच्या कुळातलं काही असेल तर केडंपसीटीएल. सोबत कर्नलची पॅनिक-ऑन-उप्स ही सेटिंग १ आहे ना ते तपासा, कारण पहिल्या उप्सनंतर कर्नल जखमी अवस्थेत चालत राहिला तर पुढे दुसऱ्याच कुठल्यातरी ठिकाणी कोसळतो आणि आपण त्या दुसऱ्या ठिकाणाच्या मागे लागतो.

आणि इथे बहुतेक सगळे थांबतात, तुम्ही थांबू नका. चाचणी घ्या. सगळं काम सेव्ह करा, सिंक (बाकी लिखाण डिस्कवर उतरवणारी कमांड) द्या, आणि रूट म्हणून प्रॉकमधल्या सिसआरक्यू-ट्रिगर या फाईलमध्ये सी हे अक्षर एकोने लिहा. मशीन मुद्दाम क्रॅश होईल. मिनिटा-दोन मिनिटांत आपोआप रिबूट होऊन क्रॅश फोल्डरमध्ये तारखेच्या नावाचं फोल्डर आणि आत फाईल दिसली पाहिजे. हे एवढं ठासून सांगतोय कारण मी हात पोळून घेतलेत. एका क्लायंटकडे डेटाबेस सर्व्हरवर केडंप 'चालू' होता, दोन वर्षं, चेकलिस्टमध्ये हिरवी खूण. महिनाअखेरीला मशीन पडलं, आम्ही उड्या मारत गेलो तर डंपची अर्धवट फाईल, कारण व्हार पार्टिशनवर दोन-अडीच जीबी शिल्लक होती आणि मशीनची मेमरी १२८ जीबी. दोन वर्षांत एकदाही कोणी ते सी अक्षर लिहून पाहिलं नव्हतं, माझ्यासकट. पुढचा क्रॅश यायला पाच आठवडे लागले आणि ते पाच आठवडे क्लायंटच्या मॅनेजरला रोज काय सांगायचं हा वेगळाच विषय.

केडंप काही केल्या चाललं नाही (काही लॅपटॉपवर दुसरा कर्नल उठताना अडखळतो) तर नेटकन्सोल आहे. कर्नलचे मेसेज यूडीपीने दुसऱ्या मशीनवर, साधारण ६६६६ पोर्टवर पाठवायचे आणि तिथे नेटकॅट लावून फाईलमध्ये साठवायचे. पण त्याला वायरचं नेटवर्क लागतं, वायफायवर विसरा. आणि कन्सोलची लेव्हल डीमेसेजने ८ करून ठेवा नाहीतर अर्धे मेसेज पाठवलेच जात नाहीत.

समजा पुढचा क्रॅश आला आणि सापडला. क्रॅश फोल्डरमध्ये मोठ्या डंपच्या शेजारी डीमेसेज नावाची साधी टेक्स्ट फाईल असते. आधी ती वाचा. डंप उघडायला क्रॅश नावाचं टूल आणि अगदी त्याच बिल्डची डीबग चिन्हं लागतात, ती वेगळी उतरवावी लागतात आणि बरीच मोठी असतात, आणि माझ्या अनुभवात बहुतेक वेळा टेक्स्ट फाईलमध्येच काम होतं. फाईल शेवटापासून नाही, वरून खाली वाचत पहिला उप्स शोधा. त्याच्या ओळीत चौकटी कंसात #१ असं असतं. #२, #३ असतील तर ते सहसा पहिल्याचे परिणाम असतात, त्यांच्याकडे आत्ता बघायचं नाही.

मग 'टेंटेड' बघा. नुसता जी दिसला तर घाबरू नका, त्याचा अर्थ बंदिस्त परवान्याचं मॉड्यूल (कर्नलला वरून जोडलेला तुकडा, जसा तुमचा ड्रायव्हर) नाही एवढाच. ओ म्हणजे कर्नलच्या मूळ सोर्सबाहेरचं मॉड्यूल लोड झालंय, ई म्हणजे त्यावर सही नाही, पी म्हणजे बंदिस्त परवान्याचं, एम म्हणजे मशीन चेक येऊन गेलाय, डब्ल्यू म्हणजे आधी वॉर्निंग आलीये. तुमच्याकडे डोंगलमुळे ओ आणि बहुधा ई असणार. क्रॅशची वाट न बघता आत्ताही कळेल, प्रॉक-सिस-कर्नलमधली टेंटेड फाईल वाचा, १२२८८ आलं तर ते ४०९६ अधिक ८१९२, म्हणजे ओ आणि ई.

मग आरआयपीची ओळ. फंक्शनच्या नावापुढे चौकटी कंसात मॉड्यूलचं नाव असलं तर ते फंक्शन त्या मॉड्यूलमधलं, नसलं तर मूळ कर्नलमधलं. मग कॉल ट्रेस, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं त्याची यादी, तो खालून वर वाचायचा, खाली सुरुवात आणि वर शेवट. ज्या ओळींआधी प्रश्नचिन्ह असतं त्या स्टॅकवर पडलेला जुना कचरा असू शकतो, त्यावर कथा रचू नका. आणि उप्सच्या पहिल्या ओळीतला पत्ता. शून्य किंवा अगदी छोटा आकडा, समजा ८, तर नल पॉइंटर: कोडला वाटलं इथे एक स्ट्रक्चर आहे, प्रत्यक्षात काहीच नव्हतं, आणि त्यातलं ८ बाईटवरचं फील्ड वाचायला गेला. पत्त्यातच हेक्समध्ये 'डेड' अशी अक्षरं दिसली तर ती कर्नलने मुद्दाम पेरलेली खूण असते, यादीतून काढून टाकलेली वस्तू कोणीतरी परत वापरायला गेलं. अशा खुणा सॉफ्टवेअरच्या बाजूला बोट दाखवतात.

आता रॅमचा मुद्दा. एका क्रॅशवरून रॅम ठरत नाही, दोन-तीन जमले की त्यांची तुलना करायची. दर वेळी तेच फंक्शन, तोच ट्रेस, तर सॉफ्टवेअर. खराब रॅम इतकी इमानदार नसते की नेमकी एकाच ड्रायव्हरच्या एकाच ओळीवर दर वेळी येऊन बसेल. उलट दर वेळी वेगळंच ठिकाण, एकदा फाईलसिस्टम, एकदा नेटवर्क, एकदा मेमरी मोकळी करणारा कोड, तर हार्डवेअरचा संशय बळावतो. पण बळावतो म्हणतोय, सिद्ध होतो नाही, कारण एखादा वाह्यात ड्रायव्हर दुसऱ्याच्या मेमरीत लिहून गेला तरी अगदी असंच दिसतं.

यात एक केस सांगतो, कारण रॅम रंगेहाथ पकडलेली मी फार थोड्या वेळा पाहिलीये. एका ऑफिसात बिल्ड चालवायला डेस्कटॉप क्लासचं मशीन होतं, ईसीसी (चुकलेला बिट स्वतः ओळखणारी) रॅम नाही. दीड महिन्यात चार क्रॅश, चारही वेगळ्या ठिकाणी. टीमने नेटवर्क ड्रायव्हर बदलला, बायॉस अपडेट केलं, कर्नल मागे-पुढे केला, सगळं झालं. रात्रभर मेमटेस्ट चालवला, चौदा तास, एकही एरर नाही, मग सगळ्यांनी रॅमला क्लीन चिट देऊन टाकली. मी चारही डंप शेजारी शेजारी उघडून रजिस्टर (क्रॅशच्या क्षणी सीपीयूच्या आत असलेले आकडे) बघत बसलो. त्या मशीनवर कर्नलचे डेटाचे पत्ते चार एफ आणि मग ९ए असे सुरू होत होते. दोन डंपमध्ये ज्या पत्त्यावर क्रॅश झाला तो चार एफ आणि मग १ए असा होता, बाकी पुढचे सगळे अंक बरोबर. हेक्समधला ९ म्हणजे १००१ आणि १ म्हणजे ०००१. एकच बिट! आणि दोन्ही वेळा तोच, ४७ व्या क्रमांकाचा. सॉफ्टवेअरची चूक असती तर पत्ता भलताच असता, किंवा शून्य असता, वेगवेगळ्या कोडमध्ये बरोब्बर एकच आणि तोच बिट पुसून जाणार नाही. एक-एक स्टिक काढत गेलो, एक सापडली, ती दुसऱ्या मशीनमध्ये घातली तर चौथ्या दिवशी ते मशीन पडलं. मेमटेस्टमध्ये का नाही आलं? रात्री एसीत निवांत चाललेला मेमटेस्ट आणि मे महिन्याच्या दुपारी सगळे कोअर पेटवून चाललेलं बिल्ड यात बॉक्सच्या आत बराच फरक असतो. तेव्हा मेमटेस्ट नापास झाला तर रॅम खराब नक्की, पास झाला तर एवढंच म्हणता येतं की मेमटेस्टला सापडली नाही.

तुमच्याकडे मी कुठून सुरुवात करेन? डोंगलपासून. कारण इंटरप्ट आणि निवांत सीपीयू हे चित्र नेटवर्कचं पॅकेट आलं आणि ड्रायव्हर गडबडला याच्याशी जुळतं, टायमर वगैरे दहा गोष्टींशीही जुळतं म्हणा, पण डोंगल काढायला पैसे पडत नाहीत. नुसता उपटून ठेवू नका, डीकेएमएसमधून मॉड्यूलच काढा, रिबूट करा, टेंटेड फाईलमध्ये शून्य आलं पाहिजे. तोवर नेट मोबाईलवरून यूएसबी टेदरिंगने घ्या, त्याचा ड्रायव्हर कर्नलच्या आतलाच असतो. तरीही पडलं तर ग्रबच्या (बूट होताना कर्नल निवडून देणाऱ्या प्रोग्रामच्या) अ‍ॅडव्हान्स्ड मेन्यूतून जुना कर्नल, असेल तर. मग नवीन रॅम काढून फक्त जुनी. एका वेळी एकच बदल! तिन्ही एकदम बदललं आणि थांबलं तर मशीन बरं होईल पण तुम्हाला काहीच कळलेलं नसेल, आणि डोंगल परत लावायचा की नाही हा प्रश्न तसाच.

आणि इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, थोडं गणित आहे. तुमचं मशीन सरासरी आठवड्याला एकदा पडतं असं धरा आणि ते कधी पडेल याला काही ठरावीक वेळ नाही. आता तुम्ही काहीतरी बदललं आणि आठवडाभर पडलं नाही. सुटला प्रश्न? बदलाचा काडीचा उपयोग झाला नसतानाही एखादा आठवडा असाच कोरडा जाण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के आहे, म्हणजे दहातले जवळपास चार वेळा तुम्ही उगाच पेढे वाटणार. तीन आठवडे वाट बघितली तर ती ५ टक्क्यांवर येते. "रॅम बदलली, चार दिवस झाले, एकदम मस्त चाललंय" असं लिहून गायब झालेले लोक याच गणितात बसतात.

म्हणूनच रोग मुद्दाम वाढवून बघायचा. डोंगलवरून दुसऱ्या मशीनला तासन् तास आयपर्फ (नेटवर्कवर भार टाकणारं टूल) चालवा, वर सस्पेंड-रिझ्यूम करा. रॅमवर संशय असेल तेव्हा कर्नल कंपाईल लूपमध्ये लावून द्या, पंखा बोंबलू दे. आठवड्याला एकदा पडणारं मशीन तासाला एकदा पडायला लागलं तर अर्धी लढाई जिंकलात. कर्नलवर संशय गेला आणि बायसेक्ट (दोषी बदल निम्मे-निम्मे करत शोधणं) करायची वेळ आली तर लागोपाठच्या दोन आवृत्त्यांमध्ये दहा-पंधरा हजार बदल असतात, दर वेळी निम्मे करत गेलं तरी १४ पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला तीन आठवडे म्हणजे ४२ आठवडे. हमखास पाडायची युक्ती हातात असेल तर तेच काम शनिवार-रविवारचं.

आता कळवायचं कुठे. ते आरआयपी कुठे बोट दाखवतं त्यावर आहे. डोंगलच्या ड्रायव्हरमध्ये असेल तर ज्याने तो सोर्स ठेवलाय त्याच्या पानावर, कर्नलवाल्यांकडे जाऊ नका, ओ आणि ई बघितल्यावर "बाहेरचा ड्रायव्हर काढून परत पाडून दाखवा" एवढंच उत्तर मिळेल आणि ते रास्त आहे. मॉड्यूल काढल्यावरही पडत असेल तर आधी उबंटूकडे, टर्मिनलमध्ये उबंटू-बग लिनक्स द्या, आवृत्ती, हार्डवेअर, लॉग आपोआप जोडून लाँचपॅडवर, म्हणजे उबंटूच्या बग नोंदवायच्या साइटवर, जातं. मूळ कर्नलवाल्यांकडे थेट जायचं असेल तर उबंटूचा ६.८ घेऊन जाता येत नाही, त्यात उबंटूचे स्वतःचे बदल असतात. ताजा मेनलाईन (कोणाचे बदल नसलेला मूळ) कर्नल टाकायचा, त्यावर पाडून दाखवायचं, आणि मग कर्नलच्या मेंटेनर्स फाईलमध्ये त्या भागाचा जो माणूस आणि जी मेलिंग लिस्ट लिहिलीये तिथे साध्या टेक्स्टमधली मेल, एचटीएमएल नाही. आधीच्या कर्नलवर चालत होतं आणि नवीनवर मोडलं असं दाखवता आलं तर स्पष्ट 'रिग्रेशन' म्हणा, त्या शब्दाला तिथे वजन आहे, कारण चालणारी गोष्ट मोडायची नाही हा लिनक्सचा जनक लिनस तोरवाल्ड्सचा जुना आणि कडक नियम आहे.

लिहिताना एवढं लक्षात ठेवा की वाचणाऱ्याला तुमच्या रिपोर्टसाठी दोन मिनिटं आहेत. 'लॅपटॉप क्रॅश होतो, अर्जंट मदत' या विषयाची मेल कोणी उघडत नाही. 'कर्नल अमुक, तमुक फंक्शनमध्ये नल पॉइंटर, आधीच्या अमुक आवृत्तीत नव्हतं' अशी उघडतात. आत पहिला उप्स वरपासून खालपर्यंत टेक्स्टमध्ये, आपल्या अकलेने 'महत्त्वाच्या' ओळी निवडू नका, पूर्ण टाका. मग किती वेळा होतं, काय केल्यावर होतं, काय काय बदलून पाहिलं आणि किती दिवस वाट पाहिली. तुमचा निष्कर्ष शेवटी, एका ओळीत, आणि नसला तरी चालतो.

डंपची मोठी फाईल मात्र कुठेही उघड्यावर टाकू नका. ती तुमच्या कर्नलची मेमरी आहे, वायफायचा पासवर्ड, डिस्क एन्क्रिप्शनची किल्ली, काय काय पडलेलं असेल सांगता येत नाही. कोणी मागितलीच तर आधी विचारा की क्रॅश टूलमधून कुठली माहिती काढून हवीये, तेवढी काढून द्या.

तर आज रात्री पीस्टोअरचं फोल्डर बघा, केडंप टाका, सी लिहून मशीन एकदा पाडा. मॉड्यूल अजून काढू नका, आहे त्या अवस्थेतला एक तरी क्रॅश हातात येऊ द्या, मग काढा. डीमेसेजची फाईल मिळाली की इथेच टाका, मी बघतो. आणि ती स्वॅप फाईल परत करून ठेवा हो, तिने काहीच केलं नव्हतं.